छोट्या जागेत नेपथ्य करताय? मग आधी अंतरं मोजा

छोट्या थिएटरात पहिल्यांदा नेपथ्य करणारा जवळपास प्रत्येक जण एकच घोळ घालतो, डोक्यात मोठ्या रंगमंचाचा सेट असतो आणि तोच आकसून इथे बसवायला बघतो, म्हणजे तिघांच्या सोफ्याऐवजी दोघांचा सोफा, मोठ्या खिडकीऐवजी छोटी खिडकी वगैरे. मीही केलंय हे. नाटकाला पंधरा बाय अठरा फुटांची जागा, समोर साधारण साठ खुर्च्या, आणि मी हौसेनं त्यात अख्खी बैठकीची खोली कोंबली होती, कपाट, पुस्तकांचा रॅक, टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर फ्रेमा. दिग्दर्शिका आली, बघितलं, म्हणाली सेट मस्तंय, आता फक्त एवढं सांग की माझी माणसं कुठे उभी करू? रात्रीत अर्धं सामान परत गेलं आणि गंमत म्हणजे काही कमी झालंय असं कोणाला वाटलंच नाही.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय, छोट्या जागेत अर्थ निघतो तो अंतरातून. नट आणि प्रेक्षक यांच्यातलं अंतर, दोन नटांमधलं, खाट आणि भिंत यांच्यातलं, डोकं आणि दाराची चौकट यांच्यातलं. मोठ्या नाट्यगृहात प्रेक्षक लांबून चित्र बघत असतो, तिथे खुर्ची फूटभर सरकली तरी कोणाला पत्ता लागत नाही. इथे तो त्याच खोलीत बसलेला असतो, तीन फुटांचं दीड फूट झालं की त्याला अंगावर आल्यासारखं कळतं. खाली जे लिहितोय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतंय, क्रम माझ्या कामाचा आहे, तुमचा वेगळा असला तरी काही बिघडत नाही.

रिकाम्या जागेत जाऊन नुसते बसा

स्क्रिप्ट हातात आली की लगेच स्केच काढायला बसू नका, आधी जागेवर जा. मोजायची टेप घ्या, लांबी रुंदी तर मोजालच, पण उंची मोजताना छतापर्यंत मोजू नका, सगळ्यात खाली लटकणारा पाइप किंवा दिवा जिथे आहे तिथपर्यंत मोजा, कारण तुमच्या कामाची उंची तेवढीच. खांब कुठे आहेत, दारं आत उघडतात की बाहेर, संकटकाळी बाहेर पडायचा रस्ता कोणता (तो अडवायचा नाही, त्यावर चर्चाच नको), स्विचबोर्ड कुठे, एसीचा आवाज किती, भिंतीत खिळा मारू देतात का, हे सगळं एका कागदावर.

मग खुर्च्या लावून घ्या आणि सगळ्यात वाईट चार खुर्च्या शोधा. साधारणपणे पहिल्या रांगेतल्या दोन टोकाच्या आणि शेवटच्या रांगेतल्या दोन टोकाच्या. प्रत्येकीवर खरंच बसा आणि बसूनच फोटो काढा. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांच्या आसपास असतात, आपण उभं राहून फोटो काढतो आणि मग सेटवरची खालची गोष्ट दुसऱ्या रांगेला दिसतच नाही तेव्हा डोक्याला हात लावतो. सगळ्या खुर्च्या एकाच पातळीवर असतील तर तिसऱ्या रांगेला नटाचे गुडघे दिसणार नाहीत, म्हणजे जमिनीवर बसून करायचा नाजूक सीन असेल तर तो वाया गेला म्हणून समजा, नाहीतर मागच्या रांगा तरी उंच करा. उलट खुर्च्या पायऱ्यांवर असतील तर प्रेक्षकाला मागच्या भिंतीपेक्षा जमीन जास्त दिसते, आणि हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, सगळे भिंत रंगवत बसतात. जमिनीबद्दल पुढे सांगतो.

स्क्रिप्ट वाचताना वस्तूंची यादी करू नका

म्हणजे करा, पण नंतर. पहिल्या वाचनात मी फक्त एक गोष्ट लिहितो, या सीनमध्ये कोणाला कोणाच्या जवळ जायचंय आणि मध्ये काय येतंय. बस्स. यादीतून सेट केला की नुसतं फर्निचर मिळतं, आणि हा कागद पुढे ठेवला की जागा मिळायला लागते.

एक उदाहरण घेऊ, माझ्याच कामातलं. दोन पात्रांचं नाटक, बारा वर्षांनी मुलगा घरी येतो, आई एकटी राहते, एका रात्रीत सगळं घडतं. लेखकानं खोलीचं वर्णन अर्धं पान दिलेलं, खाट, कपाट, खिडकी, टेबल, ट्रंक, भिंतीवर वडिलांचा फोटो. माझ्या कागदावर काय आलं तर, मुलाला आत यायचंय पण तो या घरात मावत नाही, आईला त्याला हात लावायचाय पण ती कारण शोधतेय. आता याचा सेट काय?

शेवटी तीन गोष्टी राहिल्या. एक दार, एक लोखंडी खाट, एक टेबललॅम्प.

दाराचं सांगतो. मुलाचं काम करणारा नट जवळजवळ सहा फूट उंच, आई पाच फूट एक इंच. चौकटीच्या वरच्या बाजूला एक फळी ठोकून मी उघडी जागा पाच फूट सात इंचांवर आणली. आई आरामात जाते येते, तिच्या ते लक्षातही नाही, आणि मुलाला दर वेळी वाकावं लागतं. पहिल्या एन्ट्रीला तो थांबतो, बघतो, वाकतो, आत येतो, एक शब्द बोललेला नसतो पण समोरच्या साठ माणसांना कळलेलं असतं की हा इथून गेल्यावर वाढलाय, घर तेवढंच राहिलंय. मधल्या एका सीनमध्ये तो रागानं बाहेर जातो आणि तालमीत एकदा विसरून त्याचं डोकं खरंच आपटलं, आम्ही घाबरलो, पण आईचं काम करणाऱ्या बाईंचा हात आपोआप वर गेला, त्याच्या डोक्याकडे, आणि अर्ध्यात थांबला. दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं. (फळीच्या कडेला फोम लावून वरून कापड चिकटवलं, दर प्रयोगाला नटाचं कपाळ फोडायचं नसतं.) शेवटच्या एन्ट्रीला तो न बघता वाकून आत येतो. झालं, तेवढंच. चार इंचांचं काम आहे ते.

खाट मी भिंतीला लावलीच नाही, तिरकी ठेवली, अशी की एका कोपऱ्यात खाट आणि भिंत यांच्यात फक्त पंधरा इंच उरले. माणूस तिथून सरळ जाऊ शकत नाही, त्याला आडवं व्हावं लागतं. आणि लॅम्पचं बटण त्या कोपऱ्यात. पहिल्यांदा आई थांबते, मुलगा आधी बाहेर येतो मग ती आत जाते, परक्या माणसाला वाट देतात तसं. शेवटाकडे ती थांबत नाही, त्याला घासून जाते. प्रेक्षकांमधल्या कोणाला ते पंधरा इंच आठवणार नाहीत, आणि आठवायची गरजही नाही.

प्रेक्षक कुठे बसणार हा तुमचाच प्रश्न आहे

खुर्च्या थिएटरवाल्यांनी लावलेल्या असतात म्हणून त्या तशाच ठेवायच्या असं काही नाही, हलवता येत असतील तर पहिला डिझाइनचा निर्णय तोच.

याचं सगळ्यात टोकाचं काम पोलंडमध्ये झालंय. दिग्दर्शक येझी ग्रोटोव्हस्की यांनी १९५९ मध्ये ओपोले नावाच्या शहरात तेरा रांगांचं एक छोटं थिएटर हातात घेतलं, नावच तेरा रांगांचं थिएटर, आणि तिथे येझी गुराव्हस्की नावाच्या आर्किटेक्टबरोबर ते नाटकागणिक प्रेक्षकांची जागा बदलत गेले. १९६२ च्या 'कोर्डियान'मध्ये अख्खी खोली मनोरुग्णालय केली आणि प्रेक्षकांना लोखंडी पलंगांवर बसवलं, म्हणजे तुम्ही रुग्णांपैकीच एक. पुढच्या वर्षी 'डॉक्टर फॉस्टस'ला लांबलचक टेबलं लावली, प्रेक्षक त्या टेबलांशी पाहुणे म्हणून बसले आणि नाटक टेबलांवर झालं, फॉस्टसच्या शेवटच्या रात्रीच्या पंगतीत आपण बसलोय असं. १९६५ मध्ये, थिएटर व्रोत्सवाफ शहरात गेल्यावर, 'द कॉन्स्टंट प्रिन्स'ला उलटं, उंच लाकडी कुंपण आणि प्रेक्षक त्यावरून खाली डोकावून बघतायत, ऑपरेशन थिएटरच्या गॅलरीतून बघावं तसं. सामान बघाल तर पलंग, टेबलं, कुंपण. प्रत्येक वेळी नाटकाचा अर्थ कुठे होता तर प्रेक्षकाचं शरीर कुठे ठेवलंय त्यात.

आपल्याला इतकं टोकाला जायची गरज नाही, पण निदान एवढा विचार करा. सगळे एका बाजूला बसले की ते बघे होतात, तटस्थ. दोन बाजूंना समोरासमोर बसवले की प्रत्येकाला नटाच्या मागे दुसरे प्रेक्षक दिसतात, त्यामुळे भांडण, खटला, लग्नाची बोलणी, असं दोन पक्षांचं नाटक तिथे आपोआप धारदार होतं, पण एकांताचा सीन मारला जातो कारण एकांत उरतच नाही. चारी बाजूंना बसवले तर उंच पाठीची खुर्ची, कपाट, उभा फ्लॅट (चौकटीवर कापड किंवा प्लाय ठोकून केलेली खोटी भिंत) सगळं बाद, कोणाच्या ना कोणाच्या आड येणारच. तिथे खुर्चीच्या सीटपेक्षा वर जाणारी प्रत्येक वस्तू मी संशयानंच बघतो. तीन बाजूंचं मला स्वतःला सगळ्यात आवडतं, एक भिंत हाताशी राहते आणि जवळीकही मिळते, पण टोकाच्या खुर्च्यांना नटाची पाठ बघावी लागते, तेव्हा दार कुठे ठेवता त्यावर बरंच अवलंबून असतं, मधोमध ठेवलंत तर प्रत्येक एन्ट्री सिनेमातल्या हिरोसारखी वाटेल.

जमीन

पायऱ्यांवर खुर्च्या असतील तर जमीन हीच तुमची सगळ्यात मोठी भिंत. मोठ्या लोकांनी हे कधीच ओळखलंय. १९७६ मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्डच्या 'द अदर प्लेस' थिएटरात, पत्र्याची शेड होती ती, दिग्दर्शक ट्रेव्हर नन यांनी 'मॅकबेथ' केलं, नेपथ्य जॉन नेपियर यांचं, इयन मॅकेलन आणि जूडी डेंच कामाला. एवढं खून-लढाया-चेटकिणींचं नाटक, आणि सेट काय तर जमिनीवर रंगवलेलं एक काळं वर्तुळ आणि भोवती लाकडी खोकी, ज्यांचा सीन नाही ते नट खोक्यांवर बसून बघतायत. वर्तुळाच्या आत पाऊल पडलं की नाटकात, बाहेर आलं की नुसते साक्षीदार. एका रेषेवर सगळं उभं आहे.

तर जमिनीवर काय काय करता येतं. रंग लावता येतो, पण चकचकीत रंग लावू नका, दिवे त्यात आरशासारखे दिसतात, मॅटच घ्या. रेषा काढता येते. चटई, गालिचा टाकून जागेत जागा करता येते. माती, वाळू, वाळलेली पानं टाकता येतात, दिसायला जबरदस्त, पण लक्षात ठेवा पहिली रांग तीन फुटांवर आहे, धूळ उडणार, लोक खोकणार आणि प्रत्येक प्रयोगानंतर झाडू तुमच्याच हातात येणार. आणि आवाज! छोट्या जागेत पावलांचा आवाज संवादाइतकाच ऐकू येतो. एका नाटकात आम्ही अर्धी जमीन प्लायची ठेवली आणि अर्ध्यावर जाड सतरंजी, नवरा बोलत बोलत सतरंजीवर आला की त्याच्या बुटांचा आवाज बंद व्हायचा आणि बायको दचकायची, कारण इतका वेळ ती त्या आवाजावरून तो कुठे आहे ते ओळखत होती. हे काही मी ठरवून केलेलं नव्हतं हां, प्लाय कमी पडला म्हणून सतरंजी टाकली होती, सुचलं नंतर.

जपानी नोह थिएटरचा रंगमंच जेमतेम सहा मीटर बाय सहा मीटर असतो आणि नटांना यायला एक लांब पूल असतो, त्या पुलाच्या कडेला तीन पाइनची झाडं. रंगमंचाजवळचं सगळ्यात मोठं, पुढे जाल तशी छोटी होत जातात, त्यामुळे पूल आहे त्यापेक्षा लांब वाटतो, येणारा माणूस दुसऱ्या जगातून येतोय असं. अंतर खोटं करायची इतकी साधी युक्ती मी दुसरी बघितलेली नाही. पण आपल्या खोलीत हा प्रकार करताना जपून, मागे छोटं दार रंगवून खोली खोल दाखवायची असेल तर नटाला त्या दाराजवळ जाऊ देऊ नका, तो शेजारी उभा राहिला की दार बाहुलीच्या घराचं होतं आणि लोक हसतात, आणि टोकाच्या खुर्चीवरून तर ती फसवणूक पहिल्याच मिनिटाला उघडी पडते.

जवळून खोटं चालत नाही

स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्ग यांनी १८८८ मध्ये 'मिस ज्युली'च्या प्रस्तावनेत अगदी चिडून लिहिलंय की कॅनव्हासच्या भिंतीवर रंगवलेली भांडीकुंडी आता बंद करा, आणि कापडी दारं, जी हात लागला तरी थरथरतात, चिडलेला बाप दार आपटून गेला तर घर हललं पाहिजे आणि इथे नुसतं कापड हलतं. त्यांना छोटा रंगमंच आणि छोटं प्रेक्षागृह हवं होतं, आणि १९०७ मध्ये स्टॉकहोममध्ये त्यांचं इंटिमेट थिएटर सुरू झालं ते १६१ खुर्च्यांचं. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीची तक्रार आहे, पण आजही छोट्या नाटकात फ्लॅटवर रंगवलेल्या विटा बघितल्या की मला त्यांची आठवण येते.

नियम असा धरा, नटाचा हात जिथे लागणार ती वस्तू खरी, बाकी नसली तरी चालेल. पत्र असेल तर खरंच लिहिलेलं पत्र, दुसरी रांग कोरा कागद ओळखते. बॅग असेल तर तिच्यात वजन हवं, रिकामी बॅग उचलणारा नट वजनाचा अभिनय करतो आणि तो दिसतो. पण भिंत? भिंत अख्खी कशाला पाहिजे, चौकट उभी करा, भिंत लोक मनात बांधतात. माझा अनुभव असा आहे की अर्धी भिंत केली की ती गरिबी वाटते, आणि अजिबात केली नाही की तो निर्णय वाटतो, मधलं काही करू नका.

जागेच्या स्वतःच्या भिंतींचंही तेच. पाइप, वायरी, जुना रंग असेल तर एक तर तो नाटकात घ्या नाहीतर काळ्या कपड्यानं पूर्ण झाका. मी एकदा पाइप झाकायला खोटा खांब केला, तीन दिवस घालवले, आणि प्रयोगानंतर एक जण विचारतो, तो खांब कशाचं प्रतीक होतं? तर हा दुसरा धडा. छोट्या जागेत प्रेक्षक प्रत्येक वस्तूला अर्थ लावतो, तुम्हाला हवा असो नसो.

यातलं सगळ्यात फसवं प्रकरण म्हणजे वाचता येणाऱ्या गोष्टी. घड्याळ, कॅलेंडर, वर्तमानपत्र, पुस्तकाचं कव्हर, औषधाच्या बाटलीवरचं लेबल. आम्ही एका सेटवर चालतं घड्याळ लावलं होतं, टिकटिक छान यायची, नाटकात रात्रीचे दोन वाजलेत आणि घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं. पहिल्या प्रयोगाला मी मागे उभा होतो, बघतोय तर लोक अधूनमधून घड्याळाकडे बघतायत, आणि एकदा ते घड्याळाकडे बघायला लागले की नाटक किती वेळ राहिलंय हाच हिशोब चालतो हो. दुसऱ्या दिवशी सेल काढला, काटे दोनवर लावले, तरी प्रश्न होताच, पाऊण तास झाला तरी दोनच? तिसऱ्या दिवशी घड्याळ काढलं आणि भिंतीवर त्याचा गोल डाग ठेवला, घड्याळ होतं आणि आता नाही असा. तो डाग मात्र चालला, घर सोडून चाललेल्या माणसांचं नाटक होतं ते, त्याला तो अगदी चपखल बसला. आधीच का नाही सुचलं माहीत नाही.

एक गोष्ट ठेवा, आणि ती एकदाच बदला

सॅम्युएल बेकेट यांचं 'वेटिंग फॉर गोदो' पहिल्यांदा झालं ते ५ जानेवारी १९५३ ला पॅरिसमध्ये, थिएटर द बाबिलोन नावाच्या छोट्या थिएटरात. लेखकाची सूचना काय, तर गावाकडचा रस्ता, एक झाड, संध्याकाळ. दुसऱ्या अंकात झाडाला चार-पाच पानं आलेली. बाकी सगळं तेच. ती पानं बघून कोणी म्हणतं आशा आहे, कोणी म्हणतं काळ गेला तरी गोदोची वाट बघणाऱ्या त्या दोघांचं काही बदललं नाही, भांडत बसा. मुद्दा इतकाच की बाकी काहीही हलत नसल्यामुळे चार पानं घटना होतात. सेटवर वीस वस्तू असत्या आणि त्यातल्या सहा बदलल्या असत्या तर पानांकडे कोणी ढुंकून बघितलं नसतं.

चिनी ऑपेरात तर ठरलेलंच आहे, एक टेबल आणि दोन खुर्च्या. टेबलावर चढलं की डोंगर, खुर्ची मांडायची पद्धत बदलली की दरबाराचं घर झालं. तुम्ही स्वतःला अशी अट घालून बघा, दोन वस्तूंत अख्खं नाटक लावून दाखवायचं. कदाचित शेवटी पाच वस्तू येतील, पण त्या पाच का आल्या ते तुम्हाला सांगता येईल.

दिवे, थोडक्यात पण हिशोबासकट

नेपथ्य आणि प्रकाशयोजना वेगळी माणसं करत असतील तर पहिल्या आठवड्यातच एकत्र बसा, छोट्या जागेत या दोन गोष्टी वेगळ्या नसतातच. अडचण उंचीची असते. समजा दिवा साडेनऊ फुटांवर आहे आणि उभ्या नटाचा चेहरा साडेपाच फुटांवर, म्हणजे मध्ये चार फूट. चेहरा नीट दिसावा म्हणून प्रकाश पंचेचाळीस अंशांत पाडायचा म्हटलं तर दिवा नटाच्या पुढे फक्त चार फुटांवर पाहिजे, आणि तिथून चेहऱ्यापर्यंतचं अंतर साधारण पावणेसहा फूट, त्यात तीस अंशांत पसरणारा दिवा घेतलात तर चेहऱ्याशी वर्तुळ पडतं तीन फुटांचं. नट एक पाऊल सरकला की अंधारात! म्हणून इथे रुंद पसरणारे दिवे लागतात, किंवा मग ते तीन फुटांचं वर्तुळच तुमचा सेट करा, माणूस एका जागी अडकलाय हे दाखवायला त्याच्याइतकं स्वस्त आणि स्पष्ट काही नाही.

दिवा मागे नेलात की प्रकाश आडवा येतो आणि नटाची सावली मागच्या भिंतीवर राक्षसासारखी पडते. हवी असेल तर छान. नको असेल तर नटाला मागच्या भिंतीपासून चार-पाच फूट लांब ठेवा, म्हणजे सेट लावताना भिंतीला चिकटून खुर्ची ठेवायची नाही, सगळे हेच करतात, जागा वाचते म्हणून. बाजूनं येणारा प्रकाश छोट्या जागेत फार कामाचा, शरीराला गोलाई येते आणि मागच्या भिंतीवर सावल्यांची घाण होत नाही. पांढरी जमीन केलीत तर सगळा प्रकाश उलटून भिंतींवर जाणार, प्रेक्षकांचे चेहरेही उजळणार, तेही कधी हवं असतं कधी नसतं.

अंधाराचं एक सांगून ठेवतो. छोट्या जागेत पूर्ण काळोख होत नाही, बाहेर पडायच्या दारावरचा दिवा असतो (तो विझवायचा नाही), साउंडवाल्याचा लॅपटॉप असतो, कोणाचा तरी फोन असतो. त्या अर्धवट काळोखात काळे कपडे घातलेली दोन माणसं गुपचूप टेबल हलवतायत आणि साठ लोक ते बघून न बघितल्यासारखं करतायत, याच्याइतकं केविलवाणं दृश्य नाही. त्यापेक्षा नटांनाच उजेडात हलवू द्या. कोण हलवतं, कसं हलवतं, मदत करतं की नाही, यात अजून एक छोटा सीन तुम्हाला फुकट मिळतो.

लेव्हल्सचं, म्हणजे नटांना उभं करायच्या उंच चौथऱ्यांचं, फार प्रेम असेल तर आवरा. साडेनऊ फुटांच्या उंचीत दोन फुटांच्या लेव्हलवर साधारण उंचीच्या नटानं हात वर केला की तो दिव्याला लागलाच. इथे सहा इंच पुरतात, सहा इंचांवर उभा असलेला माणूस समोरच्याकडे खाली बघतो आणि तेवढंच हवं असतं.

मॉडेल करा, आणि टेप लावा

कंटाळा येतो, माहितेय. तरी मॉडेल करा. फुटाला अर्धा इंच धरलं तर पंधरा बाय अठराची जागा साडेसात बाय नऊ इंचांची होते, बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात मावेल. त्यात पावणेतीन इंचांची माणसं कापून उभी करा, माणसाशिवायचं मॉडेल बघून कोणाशीही चर्चा करू नका, रिकाम्या मॉडेलमध्ये सगळंच सुंदर दिसतं. आणि वरून बघू नका, फोनचा कॅमेरा मॉडेलच्या तळापासून दोन इंच उंचीवर धरून त्या वाईट चार खुर्च्यांच्या जागेवरून फोटो काढा.

मग तालमीच्या जागेत जमिनीवर चिकटटेपनं खऱ्या मापात सगळं आखा, दाराची रुंदीसुद्धा, आणि पहिल्या रांगेच्या जागी खरोखर खुर्च्या ठेवा, त्यावर कोणालातरी बसवा. नट सहसा टेपच्या भिंतीतून आरपार चालतात, दोन दिवस टोकत राहा. मला जे काही बरं सुचलंय ते बहुतेक टेपवर तालीम चालू असतानाच, कारण तेव्हा कळतं की ही बाई दर वेळी उजवीकडून वळसा घालतेय, का बरं, आणि मग खाट तिथेच ठेवायची की नाही ते ठरतं. एका मुलीनं तर सांगितलं, दादा मला इथून दार दिसत नाही, म्हणून मला भीती वाटत नाहीये. दार तीन फूट डावीकडे गेलं.

दोन-तीन बारक्या गोष्टी राहिल्या. पडदे, कापडं, फोम, जे काही लटकवाल ते आगीला लवकर धरणार नाही असं घ्या, दिवे अगदी डोक्यावर असतात. जाळीच्या कापडाचा खेळ, पुढून उजेड टाकला की भिंत आणि मागून टाकला की आरपार, छोट्या जागेत बऱ्याचदा फसतो कारण उजेड सगळीकडून परत येतो, करायचाच असेल तर पुढचा दिवा अगदी वरून तिरका लावून आधी करून बघा. आणि पहिल्या रांगेतले लोक सेटच्या कडेवर पाण्याची बाटली ठेवतात, पर्स ठेवतात, एका काकांनी तर आमच्या चटईवर पाय पसरले होते, म्हणून सेटची कड आणि प्रेक्षकाची जमीन यात काहीतरी फरक ठेवा, रंगाचा किंवा नुसत्या अर्ध्या इंचाच्या पट्टीचा, लोक बरोबर थांबतात.

सेट लागला की शेवटचं काम मार्किंगचं. प्रत्येक खुर्चीच्या, खाटेच्या पायाशी टेपचे छोटे तुकडे लावा, पहिल्या अंकाला एक रंग, दुसऱ्याला दुसरा, कारण ती पंधरा इंचांची फट बॅकस्टेजच्या पोरानं घाईत बावीस इंचांची केली तर आई मुलाला घासून जाणारच नाही आणि कोणाला कळणारही नाही की आज काय चुकलं. आणि तुकडे पायाच्या मागच्या बाजूला लावा, पुढून लावलेत तर पहिली रांग त्यालाही अर्थ लावत बसेल.